धमनीभोवतीची चाळीस मायक्रोमीटरची फट

उंदराच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या एखाद्या धमनीची त्रिज्या साधारण २५ मायक्रोमीटर असते. तिच्याभोवती जवळजवळ ४० मायक्रोमीटर रुंदीची एक फट असते. त्या फटीतून सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि पाठीच्या कण्याभोवती भरलेला पाण्यासारखा द्रव, रक्ताच्याच दिशेने सेकंदाला सुमारे २० मायक्रोमीटर वेगाने सरकत असतो. मिनिटाला जेमतेम सव्वा मिलिमीटर. इतक्या संथ प्रवाहाला कोण ढकलतं, या प्रश्नावर गेल्या दशकभरात गणिती प्रतिमानांचा (मॉडेलांचा) ढीग जमला आहे. त्यांतली बरीचशी एकमेकांशी जुळत नाहीत. गंमत अशी की समीकरणावर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो नळीच्या दोन टोकांना काय मानायचं यावर.

फटीची ओळख जुनी आहे. रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८५१ मध्ये आणि शार्ल रोबँ यांनी १८५९ मध्ये तिचं वर्णन केलं. एमआरआयच्या अहवालांत आजही व्हिर्शो-रॉबिन पोकळी असाच उल्लेख येतो. पण ती खऱ्या अर्थाने चर्चेत आली २०१२ मध्ये. रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं की सीएसएफ धमन्यांच्या कडेकडेने मेंदूत शिरतो, पेशींमधल्या द्रवात मिसळतो आणि नीलांच्या कडेने बाहेर पडतो. ग्लिम्फॅटिक हे नाव तेव्हाचं. मेंदूच्या गाभ्यात लसीकावाहिन्या नाहीत, मग ॲमिलॉइड-बीटा या प्रथिनासारखा कचरा तिथून निघतो कसा, या जुन्या कोड्याचं हे एक आकर्षक उत्तर होतं. आकर्षक उत्तरं तपासायची तर आकडे लागतात, आणि ४० मायक्रोमीटरच्या फटीत दाबमापक घालता येत नाही. म्हणून प्रतिमान.

कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी चार आकडे कागदावर काढावेत. सीएसएफ जवळपास पाणीच आहे: घनता घनमीटरला १००० किलो, ३७ अंश सेल्सियसला विष्यंदिता, म्हणजे द्रवाचा चिकटपणा, ०.७ मिलिपास्कल-सेकंद. वेग २० मायक्रोमीटर प्रतिसेकंद आणि रुंदी ४० मायक्रोमीटर धरली तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर, येतो ०.००१. जडत्व विसरा. उंदराचं हृदय सेकंदाला पाच ठोके देतं असं धरून वोमर्सली अंक, म्हणजे स्पंदणाऱ्या प्रवाहातल्या जडत्वाचं माप, काढला तर तो ०.२७ येतो, म्हणजे धमनीच्या प्रत्येक स्पंदनाबरोबर फटीतला प्रवाह जवळजवळ तत्क्षणी जुळवून घेतो. द्रवप्रवाहाच्या नेव्हियर-स्टोक्स समीकरणातली अवघड पदं गळून पडतात आणि उरतं साधं रेषीय स्टोक्स समीकरण. वादळी प्रवाहांशी झुंजणाऱ्या माणसाला हे फारच मिळमिळीत वाटेल.

आता दाब. दोन समांतर पृष्ठभागांमधल्या प्रवाहाचं सूत्र घ्यायचं: दाबाचा उतार म्हणजे १२ गुणिले विष्यंदिता गुणिले सरासरी वेग, भागिले रुंदीचा वर्ग. वरचे आकडे घातले तर मीटरला १०५ पास्कल, म्हणजे मीटरला जेमतेम ०.८ मिलिमीटर पारा. उंदराच्या मेंदूवरच्या ५ मिलिमीटर अंतरात दाबाचा फरक पडतो अर्धा पास्कल. कवटीच्या आतला दाब मोजणारी उपकरणं मिलिमीटर पाऱ्याच्या भाषेत बोलतात, आणि एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. श्वासाबरोबर आणि ठोक्याबरोबर होणारे चढउतार या अर्ध्या पास्कलच्या कितीतरी पट मोठे असतात. थोडक्यात, हा प्रवाह चालवायला लागणारा उतार इतका क्षुल्लक आहे की तो सहज असू शकतो, आणि इतका क्षुल्लक आहे की तो आहे की नाही हे थेट मोजून सांगता येत नाही. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

भूमिती हा पहिला सापळा. फटीतून वाहणारा द्रव रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे रुंदी मोजताना १० टक्के चूक झाली तर प्रवाहात ३३ टक्के चूक होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या जुन्या, रसायनात टिकवलेल्या कापांवरून ही रुंदी घेणं तर धोक्याचंच. २०१८ मध्ये जिवंत उंदरांत ही फट मोजली गेली आणि मग ऊती टिकवण्याची नेहमीची प्रक्रिया केली गेली, तेव्हा फटीचं क्षेत्रफळ सुमारे दहापटीने आक्रसलेलं दिसलं. म्हणजे अनेक वर्षं पुस्तकांतल्या चित्रांत धमनीला चिकटून दिसणारी पोकळी ही बऱ्याच अंशी मेलेल्या ऊतीची पोकळी होती. त्या रुंदीवर केलेलं गणित ‘इतक्या अरुंद जागेतून प्रवाह अशक्य’ असं सांगणारच. गणित बरोबर, जागा चुकीची.

दुसरी गोष्ट आकाराची. पाठ्यपुस्तकी सवयीने आपण दोन समकेंद्री वर्तुळं काढतो. आतलं धमनीचं, बाहेरचं ऊतीचं. प्रत्यक्षात पृष्ठभागावरची फट चपटी, लंबवर्तुळाकार असते आणि धमनी तिच्या बरोबर मध्यभागी असेलच असं नाही. याने काय फरक पडतो ते अरुंद फटीच्या सूत्रातून लगेच दिसतं: धमनी मधून सरकून एका बाजूला टेकली तर तेवढ्याच क्षेत्रफळातून, तेवढ्याच दाबाने, अडीचपट द्रव वाहतो. रुंद भागात मिळणारा फायदा अरुंद भागातल्या तोट्यापेक्षा खूप मोठा असतो, कारण पुन्हा तोच घन. २०१९ मध्ये जॉन टिथॉफ आणि सहकाऱ्यांनी लंबवर्तुळाकार फटींचा रोध मोजून दाखवलं की प्रत्यक्षातले आकार किमान रोधाच्या आसपास आहेत. निसर्गाने मुद्दाम तसं घडवलं का, या प्रश्नात मी पडणार नाही. पण समकेंद्री वर्तुळं धरणारं प्रतिमान रोध वाढवून सांगतं, एवढं नक्की.

कामाच्या पातळीवर सांगायचं तर दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांतून फटीची कड काढताना आडव्या दिशेपेक्षा खोलीच्या दिशेत धूसरपणा जास्त असतो. कड कुठे धरायची त्याचा उंबरठा थोडा इकडेतिकडे केला की फटीची उंची बदलते. म्हणून एकच भूमिती घेऊन एकच उत्तर छापण्याऐवजी उंबरठा वरखाली करून तीन जाळ्या (गणितासाठी फटीचे पाडलेले बारीक तुकडे, म्हणजे घटक) तयार कराव्यात आणि तिन्ही उत्तरं द्यावीत. जाळी करताना फटीच्या सर्वांत अरुंद जागी निदान सहा-आठ घटक आडवे बसायला हवेत. सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते रुंद भागात शेकडो घटक खर्च करतं आणि धमनी टेकते त्या कोपऱ्यात एकच घटक ठेवतं.

आता पंप. सर्वांत लोकप्रिय कल्पना अशी: हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीवरून एक लाट पुढे जाते, आणि अन्ननलिका घास पुढे सरकवते तशी ही लाट फटीतला द्रव पुढे सरकवते. या कल्पनेला प्रयोगाचा आधारही आहे. रॉचेस्टरच्याच २०१८ च्या मोजमापात १ मायक्रोमीटरच्या चमकत्या कणांचा मागोवा घेतला तेव्हा सरासरी वेग १८.७ मायक्रोमीटर प्रतिसेकंद आला, कणांची हालचाल ठोक्यांच्या तालात होती, आणि रक्तदाब वाढवल्यावर भिंतीची हालचाल बदलली व पुढे जाणारा प्रवाह मंदावला.

मग गणित करून पाहू. धमनीचा व्यास ठोक्याला एखादा टक्का बदलतो. भिंतीच्या हालचालीचा आयाम, म्हणजे मूळ जागेपासूनचं कमाल सरकणं, ०.२५ मायक्रोमीटर धरला, तर ४० मायक्रोमीटरच्या फटीच्या तुलनेत प्रमाण येतं ०.००६. लाटेचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास. अनंत लांब नळीत, अरुंद फटीच्या सिद्धांतानुसार, निव्वळ प्रवाहाचा वेग म्हणजे दीडपट गुणिले या प्रमाणाचा वर्ग गुणिले लाटेचा वेग. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ६० मायक्रोमीटर. मोजमापाच्या अगदी शेजारी! इथेच अनेक जण समाधानाने पेन खाली ठेवतात.

पण त्याच नळीत, त्याच गृहीतकांवर, मागेपुढे होणाऱ्या हेलकाव्याचा वेगही काढावा. तो म्हणजे प्रमाण गुणिले लाटेचा वेग: सेकंदाला ६ मिलिमीटर. निव्वळ प्रवाहाच्या शंभरपट. प्रत्यक्ष मोजलेला हेलकावा मात्र सरासरी वेगाच्याच मापाचा, सेकंदाला दहा-वीस मायक्रोमीटरच्या घरातला. एकाच प्रतिमानातून दोन आकडे निघतात, एक जुळतो आणि दुसरा शेकडो पटींनी चुकतो. अशा वेळी जुळणाऱ्या आकड्याचा आनंद मानायचा नसतो.

चूक कुठे आहे? लाटेच्या लांबीत. सेकंदाला १ मीटर वेग आणि सेकंदाला पाच ठोके, म्हणजे एक लाट २० सेंटिमीटर लांब. उंदराचा अख्खा मेंदू दीडेक सेंटिमीटरचा. त्यात एका लाटेचा दहावा भागही मावत नाही. धमनीची भिंत लाटेसारखी हलतच नाही, ती जवळजवळ सगळीकडे एकाच वेळी फुगते आणि एकाच वेळी आकसते. अनंत नळी किंवा एकामागून एक जोडलेल्या आवर्ती तुकड्यांचं प्रतिमान घेतलं की नकळत आपण उंदराला २० सेंटिमीटर लांबीची धमनी बहाल करतो.

बरं, मग खरी लांबी घेऊ: १ मिलिमीटरचा तुकडा, एक टोक बंद, एक उघडं. फटीचं क्षेत्रफळ धमनीच्या १.४ पट धरलं तर उघड्या टोकाशी हेलकाव्याचा वेग येतो सेकंदाला ४५० मायक्रोमीटर. दोन्ही टोकं उघडी ठेवली तर टोकांशी त्याच्या निम्मा आणि मधोमध शून्य. तुकडा २ मिलिमीटरचा घेतला की सगळं दुप्पट. म्हणजे उत्तर धमनीवर अवलंबून नाही, आपण जाळी कुठे कापली त्यावर अवलंबून आहे. या विषयावरचं कुठलंही प्रतिमान वाचताना मी म्हणूनच आधी समीकरण पाहत नाही. टोकाला दाब शून्य लिहिला आहे का, ते आधी पाहावं. लिहिला असेल तर असं गृहीत धरलं गेलं आहे की फटीच्या पलीकडे एक अथांग तळं आहे, हवं तेवढं पाणी घेणारं आणि देणारं. मेंदूत असं तळं नाही. फट पुढे आत घुसणाऱ्या बारीक धमन्यांभोवती फाटे फोडत जाते, आणि त्या सगळ्या जाळ्याचा रोध आणि लवचीकता त्या टोकाशी जाणवते.

उपाय अवघड नाही. टोकाला शून्य दाबाऐवजी एक रोध आणि एक लवचीक साठा जोडायचा, रक्ताभिसरणाच्या प्रतिमानांत वर्षानुवर्षं करतात तसा. रोध अंदाजायचा पुढच्या जाळ्याच्या रुंदी-लांबीवरून, साठा अंदाजायचा ऊतीच्या मऊपणावरून. २०२२ मध्ये रॉचेस्टरशी संबंधित एका गटाने असं केल्यावर सिद्धांत, सिम्युलेशन आणि प्रयोग यांच्यातलं अंतर बरंच मिटलं. आक्षेप एवढाच की आता हाताशी जुळवता येतील असे दोन आकडे जास्त आले. म्हणून ते हेलकाव्याशी जुळवावेत आणि निव्वळ प्रवाह मात्र न जुळवता येऊ द्यावा. दोन्ही एकाच वेळी जुळवले तर प्रतिमानाने काहीच सांगितलं नाही असं समजावं.

बाहेरची भिंतही कडक मानू नये. मेंदूची ऊती फार मऊ असते, तिचा कडकपणा एक-दोन किलोपास्कलच्या पट्ट्यात. रवी केदारसेट्टी, पॅट्रिक ड्र्यू आणि फ्रान्सेस्को कॉस्टान्झो यांनी २०२० मध्ये ठोक्याच्या स्पंदनांचा असा हिशेब मांडला, तेव्हा त्यांचा निष्कर्ष होता की स्पंदनं हेलकावे निर्माण करतात, एका दिशेचा प्रवाह नाही. ऑस्लोच्या सिम्युला प्रयोगशाळेतल्या गटाने त्याच वर्षी दाखवलं की मोजमापाइतका निव्वळ वेग मिळवायला ठोक्यांच्या जोडीला दाबाचा छोटासा कायमचा उतार लागतो, मीटरला एखाददोन मिलिमीटर पारा. वर कागदावर काढलेला आकडा त्याच मापाचा आहे. मला हा निकाल पटतो, जरी पंपाची कल्पना जास्त देखणी असली तरी.

सिम्युलेशन प्रत्यक्ष चालवताना जे बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी बिघडतं: निव्वळ प्रवाह हा दोन मोठ्या, विरुद्ध हेलकाव्यांमधला चिमुकला फरक असतो. हलत्या भिंतीबरोबर जाळी हलवताना घनफळाच्या हिशेबात हजारात एक भाग चूक राहिली, तर तीच चूक ‘पंपिंग’ म्हणून निकालात दिसते. तपासण्याची रीत सरळ आहे. भिंत पूर्ण थांबवून आणि दाबाचा उतार शून्य ठेवून चालवावं. प्रवाह यंत्राच्या अचूकतेइतका शून्य यायला हवा. मग सगळी भिंत एकाच वेळी, सममितपणे हलवावी. एका ठोक्याअखेर निव्वळ प्रवाह शून्य यायला हवा, कारण स्टोक्स प्रवाह गेला तसाच उलट परत येतो. मग लांब नळी घेऊन वरच्या ६० मायक्रोमीटरच्या सूत्राशी ताडून पाहावं. या तिन्हींत पास झाल्यावरच खरी भूमिती भरावी. एका ठोक्याचे निदान १०० कालखंड करावेत, सुरुवातीचे काही ठोके टाकून द्यावेत (टोकाशी लवचीक साठा असेल तर तो भरायला वेळ लागतो), आणि कालखंड निम्मा करून निव्वळ आकडा हलतो का ते पाहावं. हेलकावा हलणार नाही. निव्वळ आकडा हलेल, आणि तेव्हाच कळतं.

ठोक्यांपेक्षा संथ लाटाही आता पुढे आल्या आहेत. जागेपणी धमन्या स्वतःहून साधारण दहा सेकंदांच्या तालात आकुंचन-प्रसरण पावतात. २०२० मध्ये उंदरांत या तालाचा संबंध कचरा निघण्याशी जोडला गेला. माणसांत, २०१९ मध्ये लॉरा लुईस यांच्या गटाने गाढ झोपेत सीएसएफच्या सुमारे वीस सेकंदांच्या मोठ्या लाटा एमआरआयवर टिपल्या. २०२५ मध्ये नेडरगार्ड यांच्या गटाने झोपेतल्या नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या रसायनाच्या आणखी संथ चढउतारांना धमन्यांच्या हालचालीशी जोडलं. या हालचालींचा आयाम ठोक्याच्या तुलनेत मोठा असतो, त्यामुळे द्रवाची ढवळाढवळ जास्त होते. पण स्टोक्स समीकरणाचा नियम इथेही सुटत नाही: सममित हालचाल, शून्य निव्वळ प्रवाह. एका दिशेने न्यायचं तर कुठेतरी असमतोल हवा, एखादी झडप किंवा जाताना-येताना वेगळा रोध. ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींची धमनीला वेढणारी टोकं झडपेसारखी वागू शकतील असं सुचवणारी प्रतिमानं आहेत. किंवा निव्वळ प्रवाहाचा आग्रहच सोडायचा. २०१६ मध्ये अस्गरी, द झेलिकूर आणि कुर्तचुओग्लू यांनी मांडलं की हेलकाव्यांनी होणारं मिश्रण आणि विसरण (कणांचं आपोआप पसरत जाणं) मिळूनही विद्राव्य पदार्थ आत पोहोचू शकतो, एका दिशेच्या प्रवाहाशिवाय.

फटीतून ऊतीत शिरलं की सगळी मापं बदलतात. पेशींमधली जागा ऊतीच्या सुमारे २० टक्के, पेशींमधल्या फटी काही दहा नॅनोमीटरच्या, वाट वेडीवाकडी. ही वाट विसरणाचा वेग अडीच पटींहून जास्त कमी करते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या खऱ्या ऊतीच्या त्रिमित प्रतिमेवर २०१७ मध्ये झालेल्या गणनेत पारगम्यता, म्हणजे ऊतीतून द्रव किती सहज झिरपतो याचं माप, १० ते २० चौरस नॅनोमीटरच्या आसपास आली. सच्छिद्र पदार्थातून झिरपण्याचा वेग देणाऱ्या डार्सीच्या नियमात १५ घालावी आणि दाबाचा उतार अगदी उदारपणे मिलिमीटरला १ मिलिमीटर पारा द्यावा. वेग येतो सेकंदाला ३ नॅनोमीटर. १०० मायक्रोमीटर अंतरासाठी प्रवाह आणि विसरण यांचं गुणोत्तर, म्हणजे पेक्ले अंक, ०.००३ येतो. ऊतीत विसरणाचंच राज्य. फटीत मात्र तोच अंक एका मिलिमीटरसाठी २००. या दोन आकड्यांतच मला ग्लिम्फॅटिक वादाचा बराचसा भाग दिसतो: फटीत वाहतं हे मान्य करून ऊतीतही वाहतं असं म्हणणारे एकीकडे, आणि ऊतीत वाहत नाही म्हणून फटीतही नाही म्हणणारे दुसरीकडे.

विसरण एकटं पुरतं का? विसरणांक सेकंदाला १०० चौरस मायक्रोमीटर धरला, तर १ मिलिमीटरला पावणेतीन तास, १ सेंटिमीटरला साडेअकरा दिवस. उंदराच्या मेंदूत विसरण जवळजवळ धकून जातं. माणसाच्या मेंदूत नाही. ऑस्लोत पेर क्रिस्टियन आयडे आणि गाइर रिंगस्टाड यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात गॅडोब्युट्रॉल हे एमआरआयवर दिसणारं द्रव्य देऊन पुढच्या एक-दोन दिवसांत एमआरआय घेतले, तेव्हा ते माणसाच्या मेंदूत खोलवर पोहोचलेलं दिसलं. उंदरावर बसवलेलं प्रतिमान नुसतं मोठं करून माणसाला लावू नये ते याचसाठी.

प्रयोगाकडूनही आकडे निरखून घ्यावेत. उंदरात एकूण सीएसएफ ४० मायक्रोलिटरच्या आत, आणि त्यात १० मायक्रोलिटर रंग टोचायचा म्हणजे दाब वाढणारच. त्यामुळे प्रवाह टोचण्यामुळेच होतो का, अशी शंका रास्त होती. २०२१ मध्ये एका सुईने द्रव घालत दुसरीने तेवढाच काढत मोजमाप केलं गेलं, आणि प्रवाह तसाच राहिला. झोपेचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. २०१३ मध्ये झोपेत पेशींमधली जागा १४ वरून २३ टक्क्यांवर जाते आणि कचरा वेगाने निघतो असं मांडलं गेलं. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून नेमका उलटा निष्कर्ष आला, झोपेत आणि भुलीत निचरा घटतो असा. प्रतिमान करणाऱ्याने अशा वेळी कुठल्याही एका बाजूचे आकडे ‘मानक’ म्हणून घेऊ नयेत, दोन्ही चालवावेत.

दाब मोजता येत नाही ही अडचण आता उलट्या वाटेने सोडवली जाते. २०२३ मध्ये कणांच्या मागोव्यातून मिळालेले वेग आणि स्टोक्स-कुळातली समीकरणं न्यूरल नेटवर्कला एकत्र देऊन फटीतला त्रिमित वेग, दाबाचा उतार आणि भिंतीवरचा घासताण काढला गेला. इथे टोकाची अट लिहावी लागत नाही, ती मोजमापातून निघते, म्हणून मला ही दिशा आवडते. मर्यादा अशी की कण जिथे दिसतात तिथलंच हे चित्र: पृष्ठभागावरच्या धमन्या. आत घुसणाऱ्या धमन्यांभोवतीची फट मोकळी आहे की तंतूंनी भरलेली सच्छिद्र आहे, याने तिथल्या रोधाचा अंदाज कित्येक पटींनी बदलतो.

आणि नीलांची बाजू. द्रव आत कसा येतो यावर शेकडो पानं आहेत, पण तो बाहेर कुठून पडतो, नीलांच्या कडेने, मेंदूच्या आवरणातल्या लसीकावाहिन्यांतून, की नाकाच्या मुळाशी असलेल्या चेतांच्या कडेने, यातल्या कुठल्या वाटेला किती रोध द्यायचा याचे आकडे फारच थोडे आहेत. बहुतेक जाळ्यांत ते टोक सर्वांत शेवटी जोडलं जातं, आणि तिथे दाब शून्य लिहिलेला असतो.